घरची खळ आणि हातचे काम
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात निकालाविषयी, शिष्यवृत्तीविषयी आणि पुढील शिक्षणाविषयी बरेच बोलले गेले. ते आवश्यकच होते. मला जो विषय दिला आहे तो मात्र स्वयंपाकघरातला आहे. खळ कशी करावी आणि तिच्या साहाय्याने कागदाचे सुंदर काम कसे करावे, हे मी आपणास सांगणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हिला 'लई' म्हणतात. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर भाषण कशाला, असे कोणाच्या मनात आले तर नवल नाही. परंतु थोडा वेळ ऐकून घ्या, मग ठरवा.

प्रथम विषय का निवडला ते सांगते. शाळेत कार्यानुभवाचा तास असतो. 'प्रकल्प करून आणा' असे सांगितले जाते. मग आदल्या रात्री काय होते हे येथे बसलेल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. वडील दमून घरी आलेले असतात, त्यांना पुन्हा दुकानात पाठवले जाते. रंगीत कागद, चमकी, डिंकाची बाटली, तयार चित्रे अशी खरेदी होते. काही ठिकाणी तर पूर्ण तयार वस्तूच विकत मिळते. सकाळी मूल ती वस्तू घेऊन शाळेत जाते, गुण मिळतात, आणि मुलाच्या हाताला काहीच आलेले नसते. दुसरीकडे ज्या घरात त्या दिवशी तेवढे पैसे नसतात, त्या घरातले मूल एक तर पोटात दुखते म्हणून घरी राहते, नाही तर शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसते. बंधु-भगिनींनो, हाताने काम करण्याचा तास पैशाअभावी मुलाला लाजिरवाणा वाटावा, यासारखी उलटी गोष्ट दुसरी नाही. म्हणून मी खळीवर बोलणार आहे. अर्धी वाटी मैद्याला आजच्या महागाईतही तीन-चार रुपयांच्या वर पडत नाहीत, आणि तेवढ्यात दोन-तीन मुलांचे काम होते.

हाताचे काम शिक्षणात आणण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. त्या परिषदेने मूलोद्योग शिक्षणाचा अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. हेच पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. एवढा मोठा विद्वान, पण मुलाने हाताने काहीतरी नीट करून दाखवावे, हा त्यांच्या शिक्षणविचाराचा पाया होता. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य हा शब्द दिला. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडून काम शिकावे, असे सुचवले आहे. नावे बदलली, गोष्ट तीच राहिली.

आणि सातारा जिल्ह्यात ही गोष्ट सांगायला बाहेरचे दाखले कशाला हवेत? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवले. 'कमवा आणि शिका' हे त्यांनी नुसते भिंतीवर लिहिले नाही. मुलांकडून शेतात, विहिरीवर, बांधकामावर काम करवून घेतले. त्या मातीत आपण राहतो.

आता आपल्या समाजाकडे पाहा. आपली आडनावेच हातांची आहेत. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. मणेर बांगड्यांचे, आतार सुगंधाचे, मोमीन विणकामाचे, पिंजारी कापसाचे, पटवेकरी दागिने ओवण्याचे. आजोबांच्या बोटांत असलेली कला नातवाच्या फक्त आडनावात उरली असेल तर त्याचा विचार करायला हवा. मुलांनी शिकू नये, पुन्हा धंद्याला लागावे, असे मी मुळीच म्हणत नाही. डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, सरकारी सेवेत जा. पण डॉक्टरलाही टाका घालावा लागतो आणि इंजिनिअरलाही नमुना करावा लागतो. हात मंद राहिले तर त्याचे नुकसान तेथेही होतेच.

मिरजेचे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवण्यास सुरुवात केली. लढाया संपल्या, तलवारीचे काम घटले, तेव्हा त्याच हातांनी भोपळा आणि लाकूड जोडून सतारी व तंबोरे घडवले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांच्या जोडणीत परंपरेने वापरला जाणारा पदार्थ म्हणजे सरस. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात आणि गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात पातळ करून वापरतात. त्याचा गुण असा की ऊब आणि ओल दिली म्हणजे जोड सुटतो, आणि वाद्य न फोडता उघडून दुरुस्त करता येते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

घोंगडीचे दुसरे उदाहरण. माण, आटपाडी, जत या दुष्काळी भागांत मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणतात. त्या लोकरीला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोका भाजून, साल काढून, भिजवून, वाटून शिजवला की चांगली चिकट खळ होते. सावंतवाडीच्या गंजिफांचे पारंपरिक पत्तेसुद्धा चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून केलेले असत. चिंच खाऊन आपण जो टाकून देतो, तो चिंचोका एका मोठ्या कलेच्या पोटात आहे.

आणि कागदावर कागद चिकटवण्याची कला तर इस्लामी जगात फार मानाची होती. मोगल काळातील चित्रे आणि सुलेखन एकेरी कागदावर नसे. अनेक कागद खळीने एकावर एक चिकटवून, वाळवून, शंखाने किंवा अकीकाच्या दगडाने घोटून जाड गुळगुळीत ताव तयार करीत. त्याला 'वसली' म्हणतात. वस्ल म्हणजे मिलन, जोडणे. त्यावरून हा शब्द आला. बादशहा जहांगीरच्या चित्रसंग्रहांत एकेका पानावर चित्र, त्याभोवती सुंदर किनार, पाठीमागे सुलेखन असे सारे कापून-जोडून चिकटवलेले असे. अशा संग्रहाला 'मुरक्का' म्हणत. आपल्या जत तालुक्याच्या सीमेपलीकडे विजापूर आहे. सतराव्या शतकात तेथे ढगांसारख्या नक्षीच्या रंगीत कागदावर, म्हणजे 'अब्री' कागदावर, नाजूक कामे झाली. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर लाटालाटांची नक्षी असलेला कागद आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. तो त्याच कुळातला.

कागद बनवणारेही आपलेच लोक. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव कागदासाठी प्रसिद्ध आहे. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. हातकागदावर लिहिताना शाई पसरू नये म्हणून त्याला खळ देऊन तो घोटावा लागे. मराठ्यांच्या राज्यकारभाराचे लक्षावधी कागद असेच खळ दिलेल्या कागदावर लिहिलेले आहेत.

अठराव्या शतकात युरोपातही हीच कल्पना वाढली. चीन-जपानचे लाखेचे लखलखीत सामान श्रीमंतांनाच परवडे. तेव्हा व्हेनिसच्या कारागिरांनी छापील चित्रे कापून लाकडी सामानावर चिकटवली आणि वरून रोगणाचे अनेक हात दिले. तिकडे त्याला गरिबाची लाख असेच म्हणत. पुढे फ्रेंच भाषेतील कापणे या अर्थाच्या शब्दावरून त्याला 'डेकुपाज' हे नाव मिळाले. इंग्लंडमधील मेरी डेलनी या बाईंनी वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागद कापून फुलांची चित्रे करायला आरंभ केला आणि दृष्टी मंदावेपर्यंत जवळजवळ एक हजार चित्रे केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आता वय झाले असे म्हणणाऱ्या आजीबाईंनी हे ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. वहीत लिहून घेतले तर बरे.

साहित्य: अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी गार पाणी, दीड वाटी उकळते पाणी. मैदा नसेल तर गव्हाचे पीठ तलम चाळून घ्या. आपल्याकडे शाळूचे पीठ घरोघरी असते, त्याचीही खळ होते. पण ती जाडसर राहते आणि शिजायला जास्त आच लागते. पुठ्ठ्याला चालेल, पातळ कागदाला नको.

कृती: मैदा प्रथम गार पाण्यातच कालवा. एकही गुठळी राहता कामा नये. हे आधी न करता मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गोळे बाहेरून शिजतात, आत कोरडे राहतात आणि मग कितीही ढवळले तरी फुटत नाहीत. गुठळ्या मोडल्या की उकळत्या पाण्यात हे मिश्रण बारीक धारेने सोडा, दुसऱ्या हाताने सतत ढवळत राहा. आच मंद ठेवा. सुरुवातीला मिश्रण दुधासारखे पांढरे दिसते. मग एकाएकी दाट होते आणि किंचित पारदर्शक दिसू लागते. तेथून पुढे आणखी तीन-चार मिनिटे शिजवा. उतरवून, कोमट असतानाच जुन्या मलमलीच्या ओढणीच्या तुकड्यातून गाळा. वर साय धरू नये म्हणून गार होईपर्यंत अधूनमधून हलवत राहा. विस्तवाजवळचे काम मोठ्या माणसाने करावे; लहान मुलांनी ढवळणे पाहावे आणि गाळताना कापड धरावे.

हे असे का होते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. मैद्यात पिष्टाचे सूक्ष्म कण असतात. गार पाण्यात ते विरघळत नाहीत, नुसते तरंगतात व खाली बसतात. साधारण साठ अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी त्या कणांत शिरते, ते फुगतात, फुटतात आणि त्यांतील लांबलचक साखळ्यांसारखे रेणू पाण्यात पसरतात. म्हणून मिश्रण एकदम दाट होते. ही खळ कागदाला लावली म्हणजे ते रेणू कागदाच्या तंतूंना धरतात, आणि पाणी उडून गेले की पकड घट्ट होते. शिजलेली खळ दोन-तीन दिवस ठेवली की तिला पाणी सुटते, कारण ते रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन पाण्याला बाहेर ढकलतात. शिळा भात कडक होतो त्याचे कारणही हेच. सांगा बरे, चिकट काय असते हा विज्ञानाचा धडा की हस्तकलेचा?

खळ टिकत नाही, ही तिची मोठी उणीव आहे. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून लागेल तेवढीच करा. फ्रीज असेल तर झाकण लावून चार-पाच दिवस ठेवता येते, पण डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, नाही तर कोणी तरी खीर समजून वाटीत घेईल. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात. त्याने कीड-बुरशी लागत नाही हे खरे. पण मोरचूद विषारी आहे. तासगाव-पलूसकडील द्राक्षबागायतदारांना तो बोर्डो मिश्रणामुळे चांगला परिचित आहे. फवारताना तेही काळजी घेतात. मुलांच्या खळीत मोरचूद कधीही घालू नका. काही जण तुरटी घालतात. ती विषारी नसली तरी तिच्या आम्लामुळे कागद काही वर्षांनी पिवळा पडतो व तुकडे पडू लागतात. शाळेच्या वस्तूला चालेल, जपून ठेवायच्या कागदाला चालणार नाही. आणि सांगलीची हळद जगप्रसिद्ध असली तरी ती खळीत घालू नका. कागद तर पिवळा होईलच, शिवाय साबणाचा हात लागला की तांबडे डाग पडतील.

दुसरा प्रकार बाजारच्या पांढऱ्या डिंकाचा. फेव्हिकॉल आपल्या देशात १९५९ साली आले आणि सुताराच्या सरसाची जागा त्याने बव्हंशी घेतली. घट्ट डिंक तसाच ब्रशने फासला तर चित्रावर पट्टे उठतात. दोन भाग डिंक आणि एक भाग पाणी असे चांगले मिसळा. हे मिश्रण चिकटवण्यासाठीही वापरता येते आणि वरून लेप देण्यासाठीही. ओले असताना पांढरे दिसते, मुले घाबरतात की चित्र झाकले गेले. वाळल्यावर ते पारदर्शक होते. परदेशात याच कामासाठी जी महागडी बाटली विकतात, तिचे काम या घरच्या मिश्रणाने बऱ्यापैकी भागते. एक लहान बाटली पाच-सहा मुलांनी मिळून घ्यावी.

आता कोठे काय वापरावे? कागदावर कागद, पुठ्ठ्यावर कागद, मातीच्या मडक्यावर कागद, यांना मैद्याची खळ उत्तम. पुठ्ठ्याचे जाड थर जोडायचे असतील तर चिंचोक्याची खळ चांगली; तिला तांबूस छटा असते, म्हणून ती वरून दिसेल अशा ठिकाणी वापरू नये. पत्र्याच्या डब्यावर किंवा काचेवर खळ नीट धरत नाही, कारण तिला शिरायला तेथे छिद्रे नाहीत. वाळल्यावर ती पोपड्यासारखी सुटते. तेथे पांढऱ्या डिंकाचे मिश्रण घ्या.

एक साधी वस्तू करून पाहू. घरात पेन-पेन्सिली ठेवायला काही नसते. एक रिकामा पत्र्याचा डबा घ्या. त्याची कड धारदार असेल तर वडिलांकडून ती ठोकून बोथट करून घ्या. डबा साबणाने धुऊन कोरडा करा, बाहेरून पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. जुन्या वर्तमानपत्राचे बोटभर रुंदीचे तुकडे फाडून पांढऱ्या डिंकाच्या मिश्रणाने एक थर चढवा आणि वाळू द्या. या थरावर पुढे खळही चालते. आता लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरे, भेटवस्तूंचे कागद यांतून फुले, पाने, वेलबुट्टी कापा. कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा, म्हणजे गोलाई सुरेख येते. सगळे तुकडे आधी कोरडेच मांडून पाहा. जागा ठरल्यावरच खळ लावा.

चित्राच्या कोपऱ्यावर ओले बोट लावून रंग उतरतो का ते आधी पाहा. उतरत असेल तर ते चित्र घेऊ नका. खळ पातळ लावा. जास्त लावली म्हणजे जास्त चिकटते हा गैरसमज आहे. जास्त खळ म्हणजे जास्त पाणी, आणि जास्त पाणी म्हणजे सुरकुती. चित्र ठेवल्यावर मधून कडेकडे स्वच्छ फडक्याने दाबत जा. हवेचा फुगा राहिलाच तर टाचणीने टोचून दाबा. पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या डिंकाच्या मिश्रणाचे तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. मे महिन्यात सांगलीला तासाभरात वाळेल; जुलैत पाटण किंवा महाबळेश्वरकडे दोन दिवसही थांबावे लागेल. पावसाळ्यात घाई करून वरचा हात दिला तर आतली ओल कोंडते आणि बुरशीचे काळे ठिपके येतात. हा लेप पाण्याने मऊ पडतो, तेव्हा अशा वस्तूत पाणी भरू नये आणि खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत.

पुठ्ठ्याच्या कामाबद्दल एक सूचना. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवला की वाळताना तो त्या बाजूला वाकतो. ओला कागद पसरतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. म्हणून मागील बाजूलाही एक साधा कागद चिकटवावा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवावे. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पुठ्ठा सरळ राहतो.

येथवर काय चिकटवावे ते सांगितले. आता काय कापू नये, तेही तितक्याच आग्रहाने सांगते, आणि माझ्या भाषणातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

आपल्या अनेक घरांत जुन्या पेटीत, माळ्यावर कागदांचे गाठोडे असते. त्यात इनामाची सनद असेल, मोडीतील खत असेल, फार्सी किंवा उर्दूतील पत्रे असतील, आजोबांची वही असेल. आदिलशाहीतील काही फर्माने तर फार्सी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत. वाचता येत नाही म्हणून हे कागद निरुपयोगी समजले जातात. जुना, पिवळसर, सुंदर अक्षरांचा कागद पाहून एखाद्या मुलाला तो चित्रासाठी कापावासा वाटेल. कृपा करून तसे होऊ देऊ नका. आपल्या गावाचा, मशिदीचा, जमिनीचा, वाड्यातील दोन शेजाऱ्यांच्या व्यवहाराचा पुरावा त्यात असू शकतो. ज्या समाजाचे कागद नाहीसे होतात, त्याचा इतिहास दुसऱ्यांच्या आठवणीवर अवलंबून राहतो. तसेच ज्या कागदावर पवित्र वचने आहेत, मग ती आपल्या धर्माची असोत की शेजाऱ्याच्या, अथवा ज्यावर त्यांच्या श्रद्धेच्या प्रतिमा आहेत, तोही कागद कात्रीखाली घेऊ नये. कडेगावचे उंच ताबूत पाहायला आपण जातो. तेथे हिंदू आणि मुसलमान दोघेही मानकरी आहेत. एकमेकांच्या आदराची ही रीत आपल्याकडे पूर्वापार आहे; ती मुलांच्या कात्रीतही दिसली पाहिजे.

जुने कागद फाटलेले असतील तर? बहुतेक जण पारदर्शक चिकटपट्टी लावतात. थोड्याच वर्षांत ती पिवळी-तपकिरी होते, तिचा चिकटपणा कागदात उतरतो आणि अक्षरे डागाळतात. पांढरा डिंक लावला तर तो पुढे सहज काढता येत नाही. आता मिरजेच्या सतारीचा सरस आठवा. जुन्या वस्तूचा जोड असा असावा की पुढच्या माणसाला तो वस्तूला इजा न करता सोडवता यावा. कागद जतन करणारे तज्ज्ञ आजही गव्हाच्या पिष्टाची साधी खळ वापरतात, ती याचसाठी. ओल दिली म्हणजे ती सुटते. परंतु घरी प्रयोग करू नका, कारण जुनी शाई पाण्याने पसरू शकते. असे कागद दुमडणे बंद करून स्वच्छ कागदात सपाट ठेवा, ओल आणि वाळवीपासून दूर ठेवा, आणि जाणकाराला दाखवा. शाळेच्या पुस्तकाचे पान फाटले तर मात्र खुशाल घरची खळ घ्या: पातळ कागदाची पट्टी फाडा, कापू नका, कारण फाटलेल्या कडेचे तंतू पानात मिसळून जातात, थोडीशी खळ लावून बसवा आणि वाळेपर्यंत दोन कागदांमध्ये दाबून ठेवा. ग्रंथालयाचे पुस्तक असे दुरुस्त करून परत करणारा विद्यार्थी मला पहिल्या क्रमांकाइतकाच प्रिय आहे.

पालकांना माझी विनंती अशी. मुलाचा प्रकल्प तुम्ही करून देऊ नका. त्याची कड वाकडी झाली तर होऊ द्या. आपण फक्त शेजारी बसा. मुलींना ही कामे सांगितली जातात आणि मुलांना मोकळे सोडले जाते, तेही नको. भावाने मैदा कालवावा, बहिणीने गाळावा, दोघांनी मिळून चिकटवावे, आणि पातेले ज्याने वापरले त्यानेच धुवावे. खळ वाळली की पातेले घासणे किती जड जाते हे एकदा कळले, म्हणजे आईच्या कामाची किंमत आपोआप कळेल.

शिक्षक बंधु-भगिनींनाही सांगणे आहे. वर्गासाठी एक मोठे पातेले खळ शाळेतच करावी. मग कोणी बाटली आणली, कोणी आणली नाही, हा भेद राहणार नाही. साहित्य म्हणून घरची रद्दी, लग्नपत्रिका आणि रिकामे डबे एवढेच मागावे. चमकीला गुण देऊ नयेत, कडा नीट बसल्या आहेत का, सुरकुती आहे का, मुलाला कृती सांगता येते का, हे पाहून गुण द्यावेत. आणि जवळपासच्या पुस्तकबांधणी करणाऱ्या, वाद्ये करणाऱ्या, घोंगडी विणणाऱ्या एखाद्या कारागिराला वर्षातून एक दिवस मानाने शाळेत बोलवावे. त्याला खुर्ची द्यावी, त्याचे काम मुलांनी खाली बसून पाहावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम सांगते. या रविवारी अर्धी वाटी मैद्याची खळ करा. तुमच्या पुस्तकांपैकी जे सर्वांत जास्त फाटले आहे, ते आधी नीट करा. उरलेल्या खळीने पेन्सिलींचा डबा मढवा. पहिला डबा बिघडेल, दुसरा बरा होईल, तिसरा कोणाला तरी भेट द्यावासा वाटेल. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात असे डबे एका टेबलावर मांडावेत आणि त्यांखाली करणाऱ्याचे नाव व इयत्ता लिहावी, अशी सूचना मी संस्थेच्या चालकांना या व्यासपीठावरून करते.